पाण्याचा सदका आणि हापशावरची पाटी

मगरिबची अजान होते. ताटातला खजूर उचलला जातो आणि त्यावर पाण्याचा पहिला घोट. दिवसभराच्या रोजानंतर तो घोट घशाखाली उतरताना पाण्याची जी किंमत कळते, ती वर्षाच्या उरलेल्या अकरा महिन्यांत क्वचितच कळते. रमजान माणसाला जे काही शिकवतो, त्यातली ही सर्वांत साधी आणि तरीही सर्वांत लवकर विसरली जाणारी गोष्ट आहे.

रोजेदाराच्या तहानेला मात्र वेळ ठरलेली असते. सहेरी कधी संपणार, इफ्तार कधी होणार, याचा मिनिटापर्यंतचा तक्ता घराघरांत भिंतीवर लावलेला असतो. ज्या गावात हंडे-कळशा रांगेत मांडून टँकरची वाट पाहिली जाते, तिथल्या तहानेचा तक्ता कुणी छापत नाही.

२०१९ चा रमजान ७ मे रोजी सुरू झाला होता. आदल्या वर्षी मराठवाड्यात पावसाने दगा दिला होता आणि त्या मे महिन्यात राज्यात हजारो टँकर धावत होते. रोजा धरला म्हणून त्या गावांतल्या बायांचे पाणी भरणे चुकले नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान आता उन्हाळ्यातून मागे सरकत चालला आहे. उन्हाळा मात्र गाव सोडून कुठे जात नाही.

रमजानमध्ये सदक्याला हात मोकळे होतात. जकात, फितरा, नवे कपडे, शिध्याच्या पिशव्या यांच्या जोडीला आणखी एक दान रुळले आहे: एखाद्या गावात बोअर पाडून हापसा बसवणे. अम्मीच्या नावाने, अब्बांच्या नावाने, अकाली गेलेल्या भावाच्या नावाने. हापशाच्या ओट्यावर संगमरवरी पाटी लागते, तिच्यावर मरहूम व्यक्तीचे नाव आणि 'इसाले सवाब' हे शब्द. पहिल्या दिवशी धार लागते, दुआ होते, मोबाइलवर चित्रण होते आणि ते नातेवाइकांत फिरते. दोन-तीन वर्षांनी त्याच गावात गेले तर कित्येकदा पाटी जशीच्या तशी वाचता येते. हापशाचा दांडा मात्र गंजून बसलेला असतो, किंवा दांडा हलतो आणि पाणी येत नाही.

अशा दानाला सदका-ए-जारिया म्हणतात. जारिया म्हणजे वाहता, चालू असलेला. धार थांबली तर वाहते काय राहिले, हा प्रश्न कडवट वाटेल. पण दानाचे हिशेब मांडण्याचा हाच महिना आहे, तर तो याच महिन्यात विचारायला हवा.

साद यांची आई, उस्मान यांची विहीर

गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी सोडण्याची रीत फार जुनी आहे. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांची आई वारली. तिच्या वतीने कोणता सदका सर्वांत चांगला ठरेल, असे त्यांनी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना विचारले. प्रेषितांनी उत्तर दिले, पाणी. साद यांनी विहीर खोदली आणि ती आईच्या नावे केली. आजच्या हापशावरची पाटी या घटनेशी नाते सांगते.

दुसरी घटना मदिनेतली, रूमा या विहिरीची. हिजरतीनंतर मक्केहून आलेल्या मुहाजिरांना मदिनेत गोड्या पाण्याची टंचाई जाणवू लागली. रूमाचे पाणी गोड होते, पण तिचा मालक ते मापाने विकत असे. ज्याच्याकडे पैसे नसत त्याला पाणी नसे. ही विहीर विकत घेऊन खुली करणाऱ्याला जन्नतमध्ये याहून उत्तम मोबदला मिळेल, असे प्रेषितांनी सांगितले. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेतली. किमतीचे आकडे निरनिराळ्या रिवायतींत निरनिराळे आहेत. एका रिवायतीनुसार त्यांनी आधी अर्धा हक्क घेतला, म्हणजे एक दिवस मालकाचा आणि एक दिवस उस्मान यांचा. उस्मान यांच्या दिवशी पाणी फुकट मिळू लागल्यावर लोक दोन दिवसांचे पाणी एकदमच भरून नेऊ लागले. मालकाच्या दिवशी विहिरीवर कुणी फिरकेना. शेवटी त्याने उरलेला अर्धा हक्कही विकून टाकला.

या घटनेतला एक तपशील बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. प्रेषितांनी विहीर घेणाऱ्यासाठी एक अट घातली होती: त्याचा पोहरा इतरांच्या पोहऱ्यासारखाच असेल. पैसे मोजणाऱ्याला पाण्यावर जास्तीचा हक्क नाही. त्याने रांग मोडायची नाही आणि कुणाला पाणी द्यायचे, कुणाला नाही, हेही ठरवायचे नाही. उस्मान यांनी ती विहीर श्रीमंत, गरीब आणि वाटसरू या सर्वांसाठी सोडली.

पुढे खलिफा असताना बंडखोरांनी त्यांच्या घराला वेढा घातला आणि त्यांचे पाणी तोडले. ज्याने मदिनेला गोडे पाणी मोफत दिले, त्याच्यावर अखेरच्या दिवसांत पाण्यावाचून राहण्याची वेळ आली. वेढा घालणाऱ्यांना त्यांनी रूमा विहिरीची आठवण करून दिली होती. पण ज्या लोकांनी त्यांचे घर कोंडले, त्यांच्यावर त्या दानाचा काही हक्क शिल्लक आहे, असे त्यांनी विहीर सोडताना कधी मांडले नव्हते.

दौलताबादचा हौद

पोहरा सर्वांचा सारखा, हे सांगायला सोपे आहे. याच मराठवाड्यात, याच रमजानच्या महिन्यात, त्याच्या नेमके उलट घडलेले आहे आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

साल १९३४. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. मुलूख निजामाचा. दौलताबादचा किल्लाही पाहावा असे ठरले. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला छोटा हौद होता, भोवती रुंद दगडी फरसबंदी. प्रवासाने सगळे धुळीने माखले होते. काही जणांनी त्या फरसबंदीवर हौदाच्या पाण्याने तोंड, पाय धुतले आणि मंडळी दरवाजाकडे गेली. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत मागून आला. अस्पृश्यांनी हौद बाटवला, असा त्याचा आरडाओरडा होता. बघता बघता आजूबाजूचे मुसलमान जमले, शिवीगाळ सुरू झाली, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेताला पोहोचले.

तेव्हा बाबासाहेबांनी जमावाला सरळ प्रश्न केले. तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्यालाही या हौदाचे पाणी घेण्यापासून अडवाल का? जमाव गप्प झाला. उत्तर कुणाकडेच नव्हते. शेवटी किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग आहे. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य, तो मुसलमानांच्या लेखीही अस्पृश्यच, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी त्यावरून काढला.

रमजानचा महिना होता, म्हणजे त्या जमावात रोजेदारही असणार. स्वतः दिवसभर तहान सोसणारी माणसे दुसऱ्याचा हात पाण्यापासून दूर लोटत होती. त्यांचा रोजा मोडला नसेल, पण रोजा ज्यासाठी असतो, त्याचे काय झाले, हे कुणी विचारले नाही.

त्याआधी सात वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला होता. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे १९२४ मध्येच ठरवले होते. तो ठराव कागदावरच राहिला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती अखेर एका मुस्लिम गृहस्थाने दिली. एकाच समाजात महाडचा तो जागा देणारा हात आहे आणि दौलताबादचा तो अडवणारा हातही आहे. हापसा बसवणाऱ्याने आपला हात यातला कोणता, हे ठरवायचे असते.

हा निर्णय हापशाच्या जागेवरूनच कळतो. हापसा मशिदीच्या आवारात, फाटकाच्या आत बसवला आणि इशानंतर फाटकाला कुलूप लागले, तर ते पाणी मशिदीचे झाले, गावाचे झाले नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, तांडा, जिल्हा परिषदेची शाळा, आठवडी बाजाराची जागा, एसटीचा थांबा या ठिकाणी बसवलेल्या हापशावर कुणाला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. ओट्यावरून सांडणारे पाणी शेजारी बांधलेल्या हाळात सोडले तर गुरांची सोय होते. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केल्याचे हदीसमध्ये आहे. हाळ बांधायला त्याहून मोठे कारण लागत नाही.

जालन्याचा पंप, सोलापूरचा पंप

पाणी खुले झाले तरी ते चालू राहावे लागते. याबाबतीत सर्वांत मोठा धडा मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या मातीतूनच मिळाला आहे.

दख्खनचा खडक काळा, कठीण बेसाल्ट. जुने आड आणि बारवा वरच्या थरातल्या पाण्यावर चालत. पाऊस हुकला की त्या आटत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात खडक भेदणारी यंत्रे आली आणि खोल बोअर पाडणे शक्य झाले. १९७२ च्या दुष्काळात या बोअरांचे महत्त्व साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण बोअरवर बसवलेले पंप बिडाचे होते आणि मुळात एका घराच्या वापरासाठी घडवलेले होते. त्यावर दिवसभर अख्खे गाव पाणी भरू लागले. दांडा तुटे, खिळ झिजे, बिडाचा भाग तडकला तर जोडता येत नसे. १९७० च्या दशकाच्या मध्याला झालेल्या पाहणीत बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीनचतुर्थांश बंद आढळले. पैसा खर्च झाला होता, खडकात पाणी होते, तरीही गावे तहानलेलीच होती.

जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी हा त्रास रोज पाहिला होता. त्यांनी बिडाऐवजी पोलादाचा, एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार केला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या: बेअरिंगवर फिरणारा दांडा आणि साखळीने सरळ वर-खाली होणारा गज. हा 'सोलापूर पंप' टिकाऊ ठरला. युनिसेफच्या पुढाकाराने, सरकार आणि अभियंत्यांच्या मदतीने, त्याच्या धर्तीवर सर्वत्र एकसारखा बनवता येईल असा पंप घडवला गेला. तामिळनाडूत कोइमतूर परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या. तोच 'इंडिया मार्क २', म्हणजे गावोगावी दिसणारा आजचा हापसा. साधारण तीनशे माणसांच्या रोजच्या वापराचा भार सोसेल, असा तो बेतलेला आहे. भारतात आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत तो लाखोंच्या संख्येने बसवला गेला.

या पंपावर कुणाचा एकाधिकार ठेवला गेला नाही. आराखडे सर्वांना खुले राहिले; ठरलेल्या मानकाप्रमाणे कोणत्याही कारखान्याने तो बनवावा. मदिनेतल्या त्या अटीचा हा जणू यंत्रातला अवतार: बनवणाऱ्याचा पोहरा इतरांच्या पोहऱ्यासारखाच. आज एखाद्या मुस्लिम आईच्या नावाने बसवलेल्या हापशात ख्रिस्ती मिशनऱ्यांचे डोके आहे, देशभरच्या कारागिरांचा घाम आहे, आणि त्याचे पाणी सगळ्या गावाच्या हंड्यात जाते.

मार्क २ टिकाऊ असला तरी त्यालाही देखभाल लागते. साखळीला ग्रीस हवे, बोल्ट आवळायला हवेत. पाणी खेचणाऱ्या नळकांड्यातले वॉशर झिजते आणि ते बदलायला जमिनीखालचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्यासाठी तालुक्याहून पथक यायला हवे. म्हणून पुढे 'मार्क ३' आला. त्यात पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो, म्हणजे गावातली माणसेच दुरुस्ती करू शकतात. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात दलित महिलांनी हापसा दुरुस्तीचे काम शिकून घेतले. पाणी भरायचे काम बायांचे आणि पंपाला हात लावायचा हक्क पुरुषांचा, ही वाटणी त्यांनी मोडली. हापसा बंद पडला की पहिली पायपीट जिच्या वाट्याला येते, तिच्याच हातात पाना असणे यापेक्षा शहाणपणाची व्यवस्था नाही.

देखभालीने न सुटणारी एक अडचणही आहे. हापसा साधारण पन्नास मीटर खोलीपर्यंतचे पाणी खेचू शकतो. आजूबाजूला उसासाठी कित्येक पट खोल बोअर पाडून पंप चालू झाले की पातळी त्याखाली जाते आणि हापसा नुसता वारा ओढतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असा महाराष्ट्राचा कायदा १९९३ पासून आहे. तो गावाला माहीत असणे आणि गावाने तो पाळणे, हाही पाण्याच्या सदक्याचाच भाग आहे. एका हाताने हापसा बसवायचा आणि दुसऱ्या हाताने शेजारी सातशे फुटांचे बोअर घ्यायचे, याला दान म्हणत नाहीत.

लाल हापसा, हिरवा हापसा

पाणी खुले आहे, चालू आहे. तरी ते पिण्याजोगे आहे का? बांगलादेशच्या खेड्यांनी या प्रश्नाची जबर किंमत मोजली आहे.

तिथे पूर्वी लोक तळ्या-पोखरांचे पाणी पीत. कॉलरा आणि हगवणीने मुले दगावत. १९७० च्या दशकापासून सरकारने, युनिसेफच्या मदतीने, गावोगावी नळकूप बसवले. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने आणखी लाखो बसवले. स्वच्छ दिसणारे, थंड, जमिनीखालचे पाणी. हेतू चांगला होता आणि जंतूंपासून सुटकाही झाली. पण त्या खोऱ्यातल्या गाळात नैसर्गिकरीत्याच आर्सेनिक होते आणि पाण्याची आर्सेनिकसाठी तपासणी कुणी केली नव्हती. १९९३ मध्ये ते उघडकीस आले. तोवर लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर कडक गाठी आल्या होत्या, कातडीवर डाग पडले होते, कर्करोग वाढत होते. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज छापला गेला आणि मानवी इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असल्याचे म्हटले गेले.

मग देशभर जवळपास पन्नास लाख नळकूप तपासले गेले. धोक्याचे लाल रंगवले, सुरक्षित ते हिरवे. ज्याचा लाल निघाला, तो शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावर जाऊ लागला. शेजाऱ्याने पोहरा सारखा मानला तर पाणी मिळाले. नाही मानला तर लालच पिणे नशिबी आले.

महाराष्ट्रात आर्सेनिकची नव्हे, फ्लोराइडची गाठ आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, भंडारा या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडतात, वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांची हाडे आणि सांधे आखडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि उकळूनही जात नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण वाढते. खतांमुळे आणि शौचालयाच्या खड्ड्यांमुळे उतरणाऱ्या नायट्रेटचेही तसेच. म्हणून बोअर लागले आणि गोड लागले, एवढ्यावर दुआ करून पाटी लावणे पुरेसे नाही.

हिशेब मांडताना

या रमजानमध्ये कुणी पाण्याचा सदका करणार असेल, तर काही गोष्टी आधी पाहिलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट पैशाची. जकातीची रक्कम हक्कदाराच्या मालकीत जावी लागते, अशी हनफी फिक्हची भूमिका आहे. विहीर किंवा हापसा कुणा एकाच्या मालकीचा होत नाही. त्यामुळे हे काम नफ्ल सदक्यातून किंवा वक्फ म्हणून केले जाते. शंका असेल तर जवळच्या आलिमांना विचारावे, पण गरिबाच्या जकातीला हात लावून हापसा बसवू नये.

दुसरी गोष्ट गावाची. ग्रामपंचायतीला आणि त्या वस्तीतल्या बायांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नये. कुठला हापसा कधी आटतो, कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुठे रात्री जायला भीती वाटते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. कित्येकदा नव्या बोअरची गरजच नसते. जुना बंद हापसा दुरुस्त करणे, आडाला कठडा आणि झाकण बांधणे, पावसाचे पाणी बोअरभोवती जिरवणे, शाळेत टाकी आणि नळ बसवणे यात कमी पैशात जास्त लोकांची तहान भागते. पण जुन्या हापशाच्या नव्या वॉशरवर पाटी लावता येत नाही, म्हणून हे दान मागे पडते.

तिसरी गोष्ट तपासणीची. पाणी लागताच नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा आणि पुढेही दरवर्षी, पावसाळ्याआधी आणि नंतर, द्यावा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायचे असे ठरले आहे. त्या आपल्या गावात कोण आहेत, हे शोधून त्यांच्या हाती ते काम द्यावे. पाटीवर नावाच्या खाली तपासणीची तारीख लिहायला थोडी जागा ठेवली तर ती पाटी खऱ्या अर्थाने उपयोगाची होईल.

चौथी गोष्ट उद्याची. जितके पैसे बोअरला लागले, त्यातला काही भाग बाजूला ठेवून तो फक्त देखभालीसाठी वापरावा. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाशी बोलून ठेवावे. अम्मीच्या नावाने हापसा बसवणाऱ्या मुलाने दर रमजानला तिच्या कबरीवर फातेहा पढून झाल्यावर त्या गावात एक फोन करावा आणि पाणी येते का, एवढेच विचारावे.

सरकारचे काम सदक्याने करायचे नसते, हेही तितकेच खरे. पाणी हा माणसाचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी मान्य केले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. जिथे नळ आला पण पाणी आले नाही, तिथे ग्रामसभेत उभे राहून विचारणे हीसुद्धा नेकी आहे. कारण या मधल्या पोकळीतच वीस लिटरच्या जारची गाडी गावात शिरते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या घरी थंड जार आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्या घरी आडाचे गढूळ पाणी. पाणी पुन्हा मापाने विकले जाऊ लागते आणि रूमा विहीर उस्मान यांच्या आधीच्या दिवसांत परत जाते.

बचतीची सुरुवात मशिदीतूनच होऊ शकते. तरावीहच्या दिवसांत वजूखान्यातले नळ रात्री उशिरापर्यंत वाहत असतात. प्रेषित (स.) एक मुद, म्हणजे लिटरभराहून कमी पाण्यात वजू करत, आणि वाहत्या नदीकाठी बसूनही पाणी वाया घालवू नये, अशी त्यांची शिकवण होती. वजूचे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडले तर ते जमिनीत मुरते. हे काम एका रविवारी मोहल्ल्यातली चार मुले करू शकतात.

रात्री झोपण्याआधी सूरह मुल्क पढण्याची अनेक घरांत रीत आहे. तीस आयतींची ही सूरह एका प्रश्नावर संपते. तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असे अल्लाह विचारतो. हा प्रश्न ईमानाचा आहे; पाणी देणारा तोच, हे त्याचे उत्तर प्रत्येक मुसलमानाला पाठ आहे. पण ज्याने जमिनीतून ते वर दिले, त्याने ते सर्वांसाठी दिले. मग हापशापर्यंत आलेले पाणी पुढे हंड्यापर्यंत स्वच्छ पोहोचवणे, कुणाचाही हंडा न अडवता पोहोचवणे आणि उद्याही पोहोचेल असे पाहणे, एवढेच काम माणसांकडे उरते.

अल्लाह सर्वांच्या मरहूमांच्या नावाने सोडलेले पाणी वाहते ठेवो. आमीन.